सहीखालची ओळ

सेजलच्या हमीपत्रावर सही कोणी करायची, हा प्रश्न नार्व्याच्या मणेरीकरांच्या घरात रविवारी सकाळी पाववाल्या पदेराच्या उंड्यांबरोबर आत आला आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरातल्या पाच माणसांपैकी कोणीच कोणाशी धड बोलेना.

कागद तसा साधा होता. सोमवारी दहा वाजता मोप्याला, विमानतळावरच्या विमान कंपनीच्या ऑफिसात मुलाखत. मूळ प्रमाणपत्रं आणावीत, आणि निवड झाल्यास तीन वर्षं नोकरी सोडणार नाही अशा हमीपत्रावर आई किंवा वडील, दोघांपैकी एकाची सही आणावी. सुविधाने चष्मा लावून तो दोनदा वाचला, नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि ती आमटी ढवळायला निघून गेली. आता ही बाई म्हणजे लेकीच्या पहिलीपासूनच्या प्रगतिपुस्तकांवर, सहलींच्या परवानग्यांवर, बंगळूरच्या कोर्सच्या फॉर्मवर कोणाला न विचारता सह्या ठोकत आलेली. आज मात्र तिने पेनाला हात लावला नाही.

"तुमी करा," ती आतूनच म्हणाली. "मी करूचंय नाय."

गोकुळदास खाली मान घालून जेवत राहिले. त्यांनी सही करून अठरा वर्षं झाली होती. बँकेतसुद्धा ते अंगठा देत. हात थरथरतो म्हणून सांगत, आणि समोरचा कारकून त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडे बघत राही.

सगळं बिघडलं होतं ते सकाळच्या चहाला, आणि बिघडवलं होतं रुद्रेशने. रुद्रेश सेजलचा चुलत भाऊ, मोप्याला विमानात सामान चढवणाऱ्या टोळीवरचा सुपरवायझर. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. सेजलने घरी आजवर एवढंच सांगितलं होतं, की विमानतळावर ऑफिसचं काम आहे, कॉम्प्युटरवर बसायचं. डिस्पॅचर या शब्दाचा अर्थ घरात कोणी विचारला नव्हता आणि तिनेही तो कोणाला समजावून दिला नव्हता. रुद्रेशने कौतुकाच्या भरात उंडा चहात बुडवत सांगून टाकलं.

"काकू, तुमका ठाऊक आसा? सेजल ना म्हणाली तर विमान हलाचा नाय. वारो, पाऊस, इंधन, वजन, सगळां हिणा बघूचां. मगे कागदार एका बाजूक कॅप्टन सही करतलो आनी दुसऱ्या बाजूक ही."

सुविधाचा हात किटलीवरच राहिला. गोकुळदासांनी कप खाली ठेवला. आणि सेजलने भीतभीत बघितलं ते रुद्रेशच्या आईकडे, रुक्मिणी काकीकडे. काकीने उंड्याचा तुकडा मोडला, पण तो तिने खाल्ला नाही.

या घरात एका बाजूला एकाची आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची सही म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. गोकुळदास पूर्वी नदीच्या धक्क्यावर होते. खनिजाने भरलेली बार्ज सुटायची ती त्यांच्या सहीने. डाव्या बाजूला बार्ज चालवणारा तांडेल सही करी, उजव्या बाजूला गोकुळदास, आणि आपल्या सहीखाली ते एक ओळ घालत: किती वाजता सोडली, आणि नदीला तेव्हा भरती होती की ओहोटी. ही ओळ घालायला कोणी सांगितलं नव्हतं. ती त्यांनीच स्वतःला लावून घेतलेली शिस्त होती आणि धक्क्यावरचे लोक तिची थट्टा करत. दोन हजार सातच्या मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, त्यांनी सोडलेली एक बार्ज आग्वादला नदीच्या तोंडाशी उलटली. दोघे खलाशी पोहून आले. तांडेल आला नाही. तांडेल होता बाबली, त्यांचा धाकटा भाऊ, रुक्मिणीचा नवरा, रुद्रेशचा बाप. शेवटची बोट भरायची म्हणून थोरल्याने धाकट्याला लाटेत ढकललं, असं गावाने तेव्हाच ठरवून टाकलं. गोकुळदासांनी ना हो म्हटलं, ना नाही म्हटलं. पंधराव्या दिवशी नोकरी सोडली आणि पेन खिशात ठेवून दिलं.

आता त्यांचीच मुलगी तेच करायला निघाली होती, आणि तेही आकाशात.

---

दुपारी चारला रुद्रेशने सोप्यावर मुलाखतीच्या सरावाला बसायला तीन कदेलं मांडली. तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता. अंगणात तुळशीशेजारी नवरा म्हणून रोवलेला दिंडा वाळून वाकडा झाला होता आणि तो काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. समोर नदी होती, आणि एरवी गजबजलेला सोपा आज आजारी माणसाच्या खोलीसारखा गप्प होता.

"फाल्यां कोण कोण आसतले?" सेजलने उद्याच्या मुलाखतीबद्दल विचारलं.  

"तिगां. तू ह्या कदेलार बस. प्रश्न तुका येतत, ते माका ठाऊक आसा."

प्रश्न तिला येत होते, हे खरं. जिथे जायचं तिथे धुकं असेल तर पर्यायी विमानतळ कसा निवडायचा, तिथवर जायला आणि वर घिरट्या घालायला इंधन किती, मागून वारा आला तर धावपट्टीचं काय. ती धडाधड उत्तरं देत गेली. आकडे होते तोवर तिची भीती जागच्या जागी बसून राहिली.

"बरां," रुद्रेश म्हणाला. "आता शेवटचा. आमचो एक डिस्पॅचर सांगत होतो, हे नाटक करतत. तिगांतलो एक कॅप्टन बनता आनी तुज्या मागसून लागता, सोड म्हणान. तू सोडलंस की खलास. मी बनतंय कॅप्टन. सोड गो विमान!"

"नाय सोडत."

"सोड, नाय तर तुजां लग्नच करून टाकतंय!"

सेजल हसली. गेल्या चार दिवसांतलं तिचं हे पहिलं हसू. रुद्रेशला नाही म्हणणं तिला लहानपणापासून जमत होतं.

"असा नाय तो," रुक्मिणी म्हणाली.

ती सोप्याच्या कोपऱ्यात सुपाऱ्या सोलत बसली होती. अडकित्ता खाली ठेवून, हात पदराला पुसत ती उठली आणि रुद्रेशला उठवून त्याच्या कदेलावर बसली.

"कॅप्टन मी बनतंय. सोडूचां नाय तरी सोड, असां म्हणूचां मां?"

"व्हय, पण आई, तुका..."

"तू गप."

सेजलला वाटलं, काकी थट्टा करते आहे. पण काकीने मान सरळ केली, गुडघ्यावर हात ठेवले आणि बोलायला लागली, तेव्हा तो आवाज तिच्या ओळखीचा राहिला नाही.

"सोड माका."

"नाय, कॅप्टन. वारो जास्त आसा."

"वारो माका नवो नाय. पंदरा वर्सां ह्याच वाटेन जातंय."

"तरी नाय."

"थांबलंय तर वारो पडतलो? लिहून देतंस तू?"

 असं लिहून कोण देणार? पुस्तकात याचं उत्तर होतं, पण काकीच्या डोळ्यांकडे बघताना ते सेजलला आठवेना.

"माणसां घराकडे वाट बघतत. शेवटचीच खेप आसा. दोनदा ना म्हटलंस, तुजां काम झालां. आता सही कर. काय झालां तर माज्या नावार."

आई तापाने झोपलेली असताना हिनेच तिला न्हाऊमाखू घातलं होतं. पानात नको असलेली भाकरीसुद्धा काकीने वाढली की सेजल मुकाट्याने खायची. काकीला तिसऱ्यांदा नाही कसं म्हणतात हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. रुद्रेशने सरावासाठी आखलेल्या कागदावर तिने उजव्या बाजूला सही केली.

"सेजल!" रुद्रेश ओरडला. "काय केलंस ह्या?"

---

गोकुळदास दाराच्या चौकटीला धरून उभे होते. केव्हापासून, ते कोणी बघितलं नव्हतं.

दोनदा ना म्हटलंस, तुजां काम झालां. हे शब्द जगात दोनच माणसांना ठाऊक होते आणि त्यातला एक मेला होता. खलाशी तेव्हा पुढे दोर सोडत होते. बाबली धक्क्याच्या पायरीवर उभा होता, एक पाय बार्जवर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि हसत होता. दादा, दोनदा ना म्हटलंस, तुजां काम झालां. गोकुळदासांनी हे बायकोला सांगितलं नव्हतं. चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबली अडेलतट्टू ठरला असता, स्वतःच्या हाताने मेलेला, आणि नऊ वर्षांच्या रुद्रेशला ते ऐकत मोठं व्हावं लागलं असतं.

ते पुढे आले. 

"हे शब्द तुका कोणी सांगले, रुक्मिणी?"

धाकट्या भावाच्या बायकोचं नाव ते सहसा घेत नसत. रुक्मिणीने पदर डोक्यावर घेतला.

"तेणीच, भावोजी. वाटेर रायबंदराकडसून फोन केल्यान. नवो मोबाइल घेतलेलो मां." तिचा आवाज आता परत तिचा झाला होता आणि तो फुटत होता. "हसत होतो. म्हणालो, दादा दोनदा ना म्हणालो, तिसऱ्या फावटीक केल्यान सही. म्हणालो, फाल्यां पेडण्याक तुज्या भावाच्या साखरपुड्याक नक्की पावतंय. मीच लागलंय होतंय तेच्या पाठीसून, ये म्हणान. रोज."

 आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि सुविधा बाहेर आली.

"म्हणजे तुका ठाऊक होता," ती म्हणाली. "माज्या घोवान भावाक मारलो म्हणान लोक बोलले, आनी तुका ठाऊक होता?"

"व्हय, वयनी."

"ह्या माणसान बँकेत अंगठो मारलो अठरा वर्सां! लिहिता वाचता येणाऱ्या माणसान! एका चुलीर रांदलां आमी, रुक्मिणी. एक दिस तरी तुज्या तोंडातसून ईल्लां आसता."

"खंय येतलां? ह्याच्या पुढ्यात?" रुक्मिणीने रुद्रेशकडे बोट केलं. "तुजो बाप आपल्या हट्टान मेलो, असां सांगू पोराक? मी रोज ठरवी, तो दहावी झालो की सांगतंय. मगे कामाक लागलो की सांगतंय. सांगूक धीर झालोच नाय. भावोजी सोसतत ते माका दिसत होता. मी बघूक नाय, असां म्हणूचंय नाय."

रुद्रेश सोप्याच्या पायऱ्या उतरून अंगणात गेला. वाळलेल्या दिंड्याला धरून उभा राहिला. मोठ्या बाबांनी, म्हणजे गोकुळदासांनी, त्याला शिकवलं होतं, नोकरीसाठी कोणाकोणाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि त्याने त्यांना एकदाही मनापासून नमस्कार केला नव्हता. आपल्या बापाला मारणारा माणूस आपली फी भरतो, असं समजून तो लहानाचा मोठा झाला होता. त्याला आता कोणाचा राग करायचा ते कळेना. तो मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा नऊ वर्षांचा झाला होता.

"मोठे बाबा," तो तिथूनच म्हणाला, "तुमी कित्याक नाय सांगल्यात?"

"सांगून काय करू?" गोकुळदास कदेलावर बसले. "तो मागतलोच रे. तांडेल तो. तेका घराकडे जाऊचा होता. मागणाऱ्यान मागूचां. ना म्हणूचां काम माजां होतां. नदी ओहोटीक लागलेली, वारो समोरसून. अशा वेळार नदीच्या तोंडार लाट उठता, ता माका दिसत होतां. मी सहीखाली आपल्या हातान लिहिलंय, ओहोटी म्हणान, आनी सोडलंय. तुज्या आवशीन सांगलां आसतां तरी तेवढां तसांच ऱ्हवतां."

मग ते सेजलकडे वळले. सेजल आपल्या सहीकडे बघत होती.  नाटकातली सही, कागद रुद्रेशच्या वहीतला, तरी तिने सोडलं होतं. तिसऱ्या खेपेला. तसंच.

"बाय," गोकुळदास म्हणाले, "माका भय वाटता. तुका नोकरी गावाची नाय ह्याचां नाय. गावतली, ह्याचां वाटता. तिसऱ्या फावटीक ना म्हणूक येता तुका? येणा नाय तर फाल्यां जाऊ नको. मी कोणाक काय बोलूचंय नाय."

"माका ठाऊक नाय, बाबा." ती रडू लागली. "माकाय भय वाटता. खूप वाटता."

"मगे परत बस," रुक्मिणी म्हणाली.

सुविधाने तोंड उघडलं. काय आणखी नाटकं चालवलीत, असं ती म्हणणार होती. पण जावेच्या चेहऱ्याकडे बघून ती चौकटीला टेकून उभी राहिली. रुद्रेश पायरीवर येऊन बसला. त्याने वहीतला दुसरा कागद फाडला, मध्ये रेघ मारली आणि सेजलसमोर ठेवला.

रुक्मिणीने या खेपेला काहीच राखून ठेवलं नाही. आधी गोड बोलली. मग वारा पडतोय म्हणाली, बघ, पानही हलत नाही. मग म्हणाली, माझा मुलगा आजारी आहे. सेजल नाही म्हणाली. चौथ्यांदा, पाचव्यांदा नाही म्हणाली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले होते. पेन समोर होतं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

"मी तुका न्हाणयलंय," रुक्मिणी म्हणाली. "माजां एक आयकूचंस नाय?"

"नाय."

"तुज्या बापायन केली सही. तू कोण व्हडली इलंस?"

सुविधाने डोळे मिटले. सेजलने वडिलांकडे बघितलं, मग काकीकडे.

"तेणी केली, म्हणानच मी करूचंय नाय, काकी. तू आज घरा जा. फाल्यां सोडतंय."

 रुक्मिणीने पदराचं टोक तोंडात कोंबलं आणि ती रडली. बाबलीच्या तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती.  शेवटी सुविधाच पुढे आली. तिचा राग गेला नव्हता, तो पुढे कित्येक महिने जाणार नव्हता, पण तिने जावेच्या दंडाला धरून तिला उठवलं.

"चल आत. चाय ठेवया."

गोकुळदासांनी खिशातलं पेन काढलं. त्याची शाई सुकून गेली होती. रुद्रेशने आपलं दिलं. हमीपत्र घेऊन ते सोप्याच्या टोकाला गेले, नदीकडे तोंड करून कठड्यावर कागद ठेवला आणि सगळ्यांकडे पाठ करून वाकले. एवढ्याशा सहीला त्यांना फार वेळ लागला. कागद परत आणला तेव्हा तो घडी घातलेला होता.

"फायलीत घाल," ते म्हणाले. "उघडून बघत बसू नको."

---

तिने तो उघडला सोमवारी सकाळी, मोप्याच्या ऑफिसातल्या बाकावर, आधीचा उमेदवार आत गेल्यावर. सही मोठी आणि वाकडी होती. आणि तिच्याखाली बारीक, नीटस अक्षरात एक ओळ होती.

 फॉर्मच्या तळाला ठळक छापलं होतं: सहीव्यतिरिक्त काहीही लिहू नये. दुसरा फॉर्म नव्हता. रुद्रेश खाली विमानांपाशी, रॅम्पवर होता, त्याला फोन लागत नव्हता. ओळ खोडावी का? खोडली तर आणखी वाईट दिसेल. ती अजून ठरवतच होती तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

तिघेजण होते, रुद्रेशने सांगितलं होतं तसेच. मधल्या बाई पिकल्या केसांच्या, शांत. त्यांनी आधी कागद बघितले. प्रमाणपत्रं एकेक करून बाजूला ठेवली. हमीपत्रावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय? सायंकाळी पाच वीस, भरती लागली?"

 

"माझ्या वडिलांनी लिहिलंय, मॅडम. वेळ आणि नदी."

"कशासाठी?"

"सोडताना लिहायची त्यांची पद्धत आहे," ती म्हणाली.